वाहत्या पाण्याचा पंचनामा

ती घटना आठवण्यासाठी मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागत नाहीत. खुनाची, दरोड्याची प्रकरणे मी हाताळली. त्यातली बरीच आता एकमेकांत मिसळली आहेत आणि कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला हे सांगताना माझी गल्लत होते. कचरा डेपोच्या नाल्यात सापडलेली नऊ पोती मात्र अजून एकेक करून आठवतात. या प्रकरणात रक्त नाही, पाठलाग नाही. वाचकाची निराशा व्हायची असेल तर ती सुरुवातीलाच झालेली बरी.

तेव्हा मी पुणे शहर जिथे संपते तिथल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत तीन गावे, मोजता येणार नाहीत इतक्या सोसायट्या आणि महापालिकेचा कचरा डेपो. सोसायट्यांच्या तक्रारी पार्किंगच्या, गावांच्या तक्रारी बांधाच्या, आणि सगळ्यांची मिळून एक तक्रार डेपोच्या वासाची. वासाला कोणते कलम लावावे, याचे प्रशिक्षण मला मिळाले नव्हते.

पावसाळा ऐन भरात होता. एका सोमवारी महापालिकेचे उपअभियंता ठाण्यात आले. तिशीतले, नीटनेटके, काखेत नकाशाची गुंडाळी. त्यांच्या अर्जात लिहिले होते की अज्ञात समाजकंटकांनी डेपोतील नूतन पर्जन्यजल वाहिनीत पोती टाकून तिचे नुकसान केले असून, त्यांच्यावर तातडीने गुन्हा नोंदवावा.

"वाहिनी म्हणजे नालाच ना?" मी विचारले.

"हो सर. पण साधा नाला नाही." त्यांनी माझ्या टेबलावर नकाशा पसरला आणि एका टोकावर माझा चहाचा कप ठेवला. "डेपोवर पावसाचं पाणी दोन प्रकारचं असतं. मोकळ्या जमिनीवर पडतं ते स्वच्छ. ते कचऱ्याला शिवू न देता ओढ्याला सोडायचं. कचऱ्यातून झिरपून येतं ते काळं. ते टाकीत साठवायचं, तिथून प्रक्रियेला न्यायचं. दोन्ही पाण्यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच आमचं काम."

पोलीस ठाण्यात दोन गटांबाबत आम्हीही नेमके हेच करतो. मला ते लगेच कळले.

काळ्या पाण्याचा नवा नाला टेकडीएवढ्या ढिगाला वळसा घालून खाली येत होता आणि वजनकाट्याजवळ डावीकडे वळून टाकीत जात होता. त्याच वळणावर उजव्या हाताला स्वच्छ पाण्याचा जुना नाला लागून होता. मधल्या भिंतीत जुन्या नाल्यात उघडणारे एक तोंड ठेवलेले होते. अतिवृष्टी झाली तरच जादा पाणी तिथून निघावे अशी योजना. पोती त्या तोंडात होती. पालिकेच्या माणसांनी ती तीनदा काढली, तीनदा ती परत आली. पोती असली की पाणी तुंबून वजनकाट्याच्या केबिनमध्ये घुसे, आणि काटा लिहिणारा कारकून खुर्चीवर पाय घेऊन बसे.

"कॅमेरा?"

"आहे ना. वजनकाट्याकडे तोंड करून. नाला कोण चोरणार, सर?" मग त्यांनी घसा साफ केला. "आणि शनिवारी लोकार्पण आहे."

"कशाचं?"

"नाल्याचं."

पूल, बागा, वाचनालये, एकदा नळ न जोडलेले स्वच्छतागृह, अशी अनेक उद्घाटने मी बंदोबस्तात उभा राहून पाहिली आहेत. नाल्याचे पहिल्यांदाच पाहणार होतो. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि चौकशी करून गुन्ह्याचे ठरवू, असे सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही, पण त्यांनी माझ्या कपाखालचा नकाशा हलक्या हाताने काढून घेतला. चहा सांडला नाही. तिथेच तो माणूस मला बरा वाटला.

दुपारपर्यंत खबर आली. डेपोच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवणारा आमच्या हवालदारांचा खबऱ्या. त्याने सांगितले, हे काम गावातल्या कृती समितीचे. समितीने डेपोविरुद्ध चार आंदोलने केली होती, त्यामुळे खबर पटण्यासारखी होती. फार पटणाऱ्या खबरीकडे मी थोडे संशयाने पाहतो, तरी अध्यक्षांना बोलावून घेतले.

अध्यक्ष पन्नाशीचे, पांढरी विजार, पांढरा शर्ट, गळ्यात उपरणे. बसल्याबरोबर त्यांनी स्वतःच चौकशी सुरू केली.

"साहेब, पोती आम्ही टाकली म्हणता?"

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"मंग बोलावलं कशाला? हे बघा, आम्हाला काय करायचं आसंल तर आधी पत्रकारास्नी फोन जातो. मंग बॅनर छापायचा. मंग तुमची परवानगी. तुम्ही ती नाकारायची, मंग आम्ही करायचं. ह्यात गुपचूप कुठं काय हाय? गुपचूप केलं तर आमचा फोटो कोण छापनार?"

एवढा भक्कम बचाव मी न्यायालयातही क्वचित ऐकला आहे. चहा पाजून मी त्यांना सोडले. जाताना त्यांनी विचारले, "शनिवारी निषेधाला परवानगी मिळंल का?" मी नाकारली. ते समाधानाने गेले.

तोवर हवालदारांनी चौथ्यांदा निघालेली नऊ पोती टेम्पोत घालून ठाण्याच्या आवारात आणली होती. हे हवालदार खडकीचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे कुणाचीही पिशवी उघडताना ते एक पाऊल मागे उभे राहून हात लांब करत. तसेच करून त्यांनी पहिले पोते उसवले. आत फरशीचे तुकडे. दुसऱ्यात नारळाच्या शेंड्या. तिसऱ्यात फरशी. चौथ्यात शेंड्या. सगळी ओतून झाली तेव्हा पाच पोती फरशीची निघाली आणि चार शेंड्यांची. फरशीत एक शेंडी नाही, शेंड्यांत एक खडा नाही. बाटली नाही, तार नाही, प्लास्टिकची पिशवी नाही.

हवालदार ढिगाकडे पाहत राहिले. "साहेब, आमच्या घरचं कपाट एवढं नीट नाही."

मी आत जाऊन बसलो. नाला बुजवायचा म्हणून कुणी पोते भरले तर हाताला येईल ते भरेल, आणि कचरा डेपोत हाताला सगळेच येते. तरीही ज्याने हे भरले त्याला मिसळ करता आली नव्हती. शिवाय त्यात भंगारवाला विकत घेईल अशी एकही वस्तू नव्हती. गुन्हेगार बोटांचे ठसे पुसतो, चेहरा झाकतो, पण हाताची सवय घरी ठेवून येता येत नाही. पोती भरणाऱ्याने आयुष्य कचरा निवडण्यात घालवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेपोच्या वर्गीकरण शेडमध्ये गेलो. वीसेक बायका पत्र्याखाली बसून माल निवडत होत्या. पुठ्ठा इकडे, काच तिकडे, पातळ प्लास्टिक वेगळे, जाड वेगळे, देवळांतून आलेले निर्माल्य सर्वांत बाजूला, सावलीत. भरलेल्या पोत्याचे तोंड दाभण आणि सुतळीने शिवले जाई. त्यांचे हात पाहत मी पाच मिनिटे उभा राहिलो. वर्दीतला माणूस न बोलता उभा राहिला की लोक जास्त घाबरतात, हे मला माहीत होते. इथे कुणी घाबरले नाही. एकीने फक्त सांगितले, "साहेब, काचेवर उभे आहात."

मी हवालदारांकडून एक पोते आणवले. तोंडाची शिवण तशीच ठेवून हे एकच पोते बाजूने उसवलेले होते.

अशा वेळी "हे कुणी केलं?" असे विचारून काही मिळत नाही. माणूस गुन्ह्याचा आरोप शांतपणे सहन करतो. त्याच्या कामाला नाव ठेवलेले त्याला सहन होत नाही. मी शिवणीवर बोट ठेवले आणि मुकादमाला, म्हणजे त्या बायकांवर देखरेख करणाऱ्या माणसाला, मोठ्याने म्हणालो, "काय हो, तुमच्याकडे इतकी कच्ची शिवण घालतात? दोन दिवसांत सुटेल."

शेडच्या कोपऱ्यातून आवाज आला. "सुटंल? वढून दाखवा."

आवाज पंचावन्नच्या आसपासच्या एका बाईंचा होता. ठेंगण्या, काटक, डोक्याला रुमाल. सगळा डेपो त्यांना मावशी म्हणत असे. शेडमधले हात एकदम थांबले. आपण काय बोललो हे त्यांच्याही ध्यानात आले, पण त्या मागे हटल्या नाहीत.

मी ओढली. सुटली नाही.

"बरं," मी म्हणालो. "शिवण पक्की आहे. आता नाल्यात कशाला घातली ते सांगा."

हा प्रश्न सोमवारीच विचारायला हवा होता. कोणी, याच्यामागे मी दोन दिवस घालवले होते.

मावशींनी दाभण बाजूला ठेवले. "नाला उलटा हाय म्हणून. वळणावर टाकीची बाजू चार बोटं वर आन वढ्याची खाली. काळं पानी टाकीकडं चढंल व्हय? ते त्या तोंडातनं जातंया वढ्याला. वढ्याच्या कडंला आमच्या वस्तीची हीर हाय. टँकर येतो एका दिवसाआड, मधल्या दिवशी समदं हिरीवर."

"मग साहेबांना सांगायचं."

"सांगितलं की." त्यांनी मुकादमाकडे पाहिले. मुकादम छताकडे पाहू लागला. "ह्ये म्हनले, मावशी, तू कचरा निवडायला हायस का नाला बघायला? ते नकाशावाले साहेब आले तवा त्यांच्या मागं गेले, तर ते फोनवर. मंग म्हनलं आपलं आपन करावं. खाली फरशी, वजनाला. वर शेंड्या. शेंडी पान्यानं फुगती, फट बुजती. पाळी सुटताना घालायची."

"आणि वजनकाट्यात पाणी घुसतं त्याचं काय?"

"तो कारकून पाय वर घेऊन बसतोय. हिरीला पाय वर घेता येत न्हाईत."

तेवढ्यात मुकादम मला बाजूला घेऊन कुजबुजला. त्याचा आवाज बदलला होता. "साहेब, एक विनंती. मावशी एकोणीस वर्षं रोजंदारीवर आहे. यंदा कायम करायच्या यादीत तिचं नाव लागलंय. चारित्र्य पडताळणीचा कागद तुमच्याच ठाण्यात पडलाय. गुन्हा नोंदवलात तर गेलंच सगळं. पुन्हा यादी कधी लागेल, आणि तोवर तिचं वय उलटेल."

ठाण्यात परतून मी गठ्ठ्यात शोधले. कागद होता. नाव, पत्ता आणि खाली छापील ओळ: सदर व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंद आहे किंवा नाही. एकोणीस वर्षांच्या कामाचा निकाल त्या ओळीतल्या 'किंवा'वर टांगलेला होता.

बुधवारी उपअभियंत्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. शनिवारच्या आत गुन्हा नोंदवा, पाहुण्यांना कारवाई झाल्याचे सांगता येईल. मी म्हणालो, आधी घटनास्थळाचा पंचनामा. ते म्हणाले, घटनास्थळ पाण्याखाली आहे. मी म्हणालो, मग पाण्याचा करतो.

असा पंचनामा ना मी आधी केला होता, ना पुढे. गुरुवारी सकाळी पाऊस उघडलेला असताना आम्ही नाल्याच्या वळणावर जमलो. पंच म्हणून टपरीवाला आणि वासाची तक्रार घेऊन नेहमी येणारे एका सोसायटीचे सेक्रेटरी. उपअभियंता नकाशा घेऊन आले होते. पोती नाल्यात नव्हती. वरून टँकरने साधे पाणी सोडायचे ठरले.

"पण पाणी कुठे जातंय हे दिसणार कसं?" सेक्रेटरींनी विचारले. प्रश्न रास्त होता.

मावशी शेडमध्ये गेल्या आणि निर्माल्यातल्या झेंडूची टोपली घेऊन आल्या. फुले कुस्करून त्यांनी पाकळ्या वरच्या बाजूला पाण्यात सोडल्या. पिवळ्या-केशरी पाकळ्यांची रांग शिस्तीत खाली आली. बंदोबस्तात मी पाहिलेल्या कोणत्याही मिरवणुकीपेक्षा ती अधिक शिस्तीत होती. वळणावर पाकळ्या थबकल्या, गोल फिरल्या, आणि एकामागून एक उजवीकडच्या तोंडातून ओढ्याच्या नाल्यात गेल्या. टाकीकडे एकही गेली नाही.

हवालदार लिहीत होते आणि लिहिताना मोठ्याने बोलत होते. "सदर पाकळ्या डावीकडे न वळता स्वखुशीने..."

"स्वखुशीने खोडा."

"खोडलं, साहेब."

उपअभियंता नकाशाकडे पाहत होते. "सर, ड्रॉइंगमध्ये उतार बरोबर आहे."

"ड्रॉइंगात कोरडंच असतं, साहेब," हवालदार मान वर न करता म्हणाले.

मला वाटले, आता ते चिडणार. त्यांनी नकाशा गुंडाळून टपरीवाल्याच्या हातात दिला, बुटांसकट नाल्यात उतरले आणि पातळी मोजायची पारदर्शक नळी धरून वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग वर न पाहताच म्हणाले, "साडेसात सेंटीमीटर उलटा."

"म्हंजी चार बोटंच ना?" मावशींनी विचारले.

"चार बोटंच, मावशी." चिखलात उभे राहून त्यांनी हे म्हटले. त्या स्वरात काय होते ते पंचनाम्यात लिहिता आले नाही.

त्याच दुपारी ते ठाण्यात आले आणि स्वतःच्या अक्षरात लेखी जबाब दिला. पोत्यांमुळे वाहिनीचे नुकसान झालेले नाही. दोष उताराचा आहे. पोती नसती तर दूषित पाणी ओढ्यात गेले असते. तक्रार गैरसमजातून झाली होती. सही केल्यावर ते म्हणाले, "सर, याच्यानंतर माझी बदली होईल." ती झाली नाही. बदली करायची तर कुणाला तरी कारण लिहावे लागले असते.

मी अर्ज निकाली काढला. गुन्हा नोंदला नाही.

संध्याकाळी आभाळ पुन्हा भरून आले आणि मावशी ठाण्यात हजर झाल्या. "साहेब, नाला दुरुस्त व्हईपर्यंत पोती द्या." पण पोती तर आम्ही आवारात ओतली होती. हवालदार उत्साहाने भरायला बसले आणि त्यांनी फरशी व शेंड्या एकत्रच कोंबल्या. मावशींनी ते पोते शांतपणे उलटे केले. "पुन्ना." हवालदारांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असा हुकूम माझ्याकडूनही ऐकला नव्हता. त्यांनी पुन्हा भरले. शिवण मावशींनी घातली. नऊ पोती परत दिल्याचा कागद झाला आणि ती पाऊस सुरू व्हायच्या आत जागेवर गेली, या वेळी पोलिसांच्या गाडीतून.

शनिवारचे लोकार्पण अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलले गेले. मांडव तेवढा दोन दिवस भिजत उभा होता. पुढच्या आठवड्यात वळणावरचे काँक्रीट फोडून उतार नव्याने केला, ते तोंड उंच घेतले. उपअभियंत्यांनी मावशींना गवंड्याशेजारी उभे केले होते. गवंड्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडे तक्रार केली, "साहेब, ही बाई थापी पण धरू देत नाही."

इथे हे प्रकरण संपायला हवे होते. ते मी संपू दिले नाही, आणि तेवढा भाग मला आजही टोचतो.

पडताळणीचा कागद भरताना मी 'गुन्हा नोंद नाही' असे लिहिले. खाली शेऱ्याची रिकामी जागा होती. तिथे रिवाजाप्रमाणे 'निरंक' लिहायचे असते, म्हणजे लिहिण्यासारखे काही नाही. पण मी फार खूश होतो. आयुष्यभर लोकांविरुद्ध लिहिले, एकदा कुणाच्या बाजूने लिहावे असे वाटले. मी लिहिले: "कामात अत्यंत चोख. पाण्याचा उतार अचूक ओळखतात." झोकात सही केली.

दोन महिने गेले. यादीतल्या बाकीच्यांना कायम झाल्याचे हुकूम मिळाले. मावशींना मिळाला नाही. त्या ठाण्यात आल्या तेव्हा मला वाटले, आभार मानायला आल्या असतील.

"साहेब, तुम्ही माझ्या कागदावर काय लिवलं?"

मी अभिमानाने सांगितले. त्या खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या.

"तिकडचा कारकून म्हनतोय, पोलिसांनी पान्याचं कायतरी लिवलंय. पान्याची चोरी हाय का काय, खुलासा पायजे. तवर फाइल थांबली." त्या रागावलेल्या नव्हत्या. ते जास्त वाईट होते. "साहेब, कौतुक तोंडानं करावं. कागदावर आलं की त्याची चौकशी लागती."

दिमाख, डौल, फिती कापणे यांची मी आयुष्यभर टिंगल केली. एका बाईची एकोणीस वर्षे ज्याने अडवली तो दिमाख माझा स्वतःचा होता, दोन ओळींचा. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी महापालिकेत गेलो. त्या कारकुनाच्या टेबलासमोर बाकावर पाऊण तास बसलो. तो जेवायला गेला होता. आल्यावर त्याने फाइल काढली. मी माझे वाक्य एका सरळ रेघेने खोडले, शेजारी आद्याक्षरे केली, वर 'निरंक' लिहिले आणि खाली पुन्हा सही केली. या वेळी साधी.

"एवढंच?" कारकून म्हणाला. "मग आधी का नाही लिहिलंत?"

मी पेनाला टोपण लावले आणि फाइल त्याच्याकडे सरकवली.

सोळाव्या दिवशी हुकूम निघाला. मावशी तो घेऊन ठाण्यात आल्या आणि पडताळणीच्या दुरुस्त कागदाची आमच्याकडची प्रत हवालदारांकडून मोठ्याने वाचून घेतली. शेवटच्या शब्दापाशी त्यांनी थांबवले.

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही, मावशी," हवालदार म्हणाले.

"कायच न्हाई ना?" त्यांनी खात्री करून घेतली, हुकुमाची घडी घातली आणि पिशवीत सर्वांत खाली ठेवली. "मंग बराबर हाय."

पस्तीस वर्षांत मी हजारो कागदांवर शेरे मारले. त्यांतल्या लांबलचक शेऱ्यांचा मला आता एकही शब्द आठवत नाही. आठवतो तो नाव ठेवायला जागा नसलेला हा एकच शब्द, आणि तोही मी दुसऱ्या प्रयत्नात लिहिला.